मत्सराची झिंग

हेवा, मत्सर, असूया आणि ईर्षा हे शब्द समानार्थी आहेत काय, आणि ‘मला तुझी ईर्षा होते’ हे वाक्य बरोबर आहे काय, असा प्रश्न आला आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो: नाही. अनुवादित मालिकांमधील पात्रांना हल्ली उठता-बसता ईर्षा ‘होते’, जणू ती सर्दीच आहे. संस्कृतात आणि हिंदीत ईर्ष्या म्हणजे दुसऱ्याचा उत्कर्ष न साहणे हे खरे. परंतु मराठी माणूस ईर्षेला पेटतो, ईर्षेने खेळतो, आणि त्या वेळी त्याच्या मनात जळफळाटापेक्षा चुरस अधिक असते. जिथे हेवा म्हणायचे तिथे हेवाच म्हणावे.

असूयेचेही असेच वाटोळे झाले आहे. पाणिनीने ‘क्रुधद्रुहेर्ष्यासूयार्थानां यं प्रति कोपः’ या सूत्रात ईर्ष्या आणि असूया वेगवेगळ्या सांगितल्या, आणि पाणिनीचे भाष्यकार भट्टोजी दीक्षितांनी असूयेची व्याख्या ‘गुणेषु दोषाविष्करणम्’, म्हणजे गुणांतही दोष दाखवणे, अशी चोख केली. म्हणजे असूया नुसती मनात राहत नाही, ती तोंडावाटे बाहेर पडते. कोणी मोठी देणगी दिली असता ‘करसवलत मिळाली असेल’ असे जो म्हणतो, त्याने असूया केली. ती त्याला वाटली की नाही, हा प्रश्न गौण आहे.

आता मत्सर, ज्यासाठी मी लेखणी उचलली. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलात मत्सर हे चक्क सोमाचे विशेषण आहे, आणि त्याचा अर्थ आहे उल्हसित करणारा, धुंदी आणणारा. शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या उणादिसूत्रांत हा शब्द ‘मद्’ (धुंद होणे) या धातूपासून, ‘धूसर’ या शब्दाच्या पंगतीत, सिद्ध केलेला आहे. म्हणजे षड्रिपूंच्या यादीत शेवटी शेजारी बसलेले मद आणि मत्सर हे एकाच धातूची अपत्ये ठरतात. यास्काचार्यांनी निरुक्त या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तिग्रंथात मत्सराचे सोम आणि लोभ असे दोन्ही अर्थ दिले आहेत, पण सोमाच्या अर्थाला त्यांनी तृप्तिवाचक ‘मन्द्’ धातू जोडला. आचार्यांविषयी आदर राखूनही म्हणतो, की हे मला पटत नाही. तृप्तीच्या पोटी मत्सर जन्मेल कसा?

माझ्या मते धुंदीचा अर्थ लोपला नाही, तो केवळ सोमरसातून माणसात उतरला. मदात माणूस स्वतःच्या पेल्यातले पितो, तर मत्सरात दुसऱ्याच्या पेल्याकडे नुसते पाहून झिंगतो. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाने मत्सराला ‘अन्यशुभद्वेष’, म्हणजे दुसऱ्याच्या भल्याचा द्वेष, म्हटले आणि कोशकार आजतागायत तेच गिरवीत आले. त्यांनी त्यातली जळजळ तेवढी टिपली, झिंग त्यांच्या नजरेतून सुटली. मित्राचे गाजलेले पुस्तक हाती घेऊन त्यातले मुद्रणदोष मोजणारा माणूस जवळून पाहावा. पहिल्या चुकीला तो चष्मा पुसतो, चौथीला खुर्चीत सावरून बसतो, आणि बारावी सापडताच त्याच्या चेहऱ्यावर जी लाली चढते ती दुःखाची खचित नव्हे. (दोष खरोखरच आहेत, त्यामुळे याला असूया म्हणता येणार नाही, हेही लक्षात घ्यावे.)

मराठीने या शब्दात आणखी एक गंमत करून ठेवली आहे. ‘माझा मत्सर’ म्हटले की बहुतेक वेळा दुसऱ्याने माझा केलेला मत्सर असाच अर्थ होतो, म्हणजे दुर्गुण त्याचा आणि षष्ठी माझी. ‘त्याचा मत्सर’ या दोन शब्दांत मात्र तो मत्सर करणारा आहे की ज्याचा मत्सर केला जातो तो, हे व्याकरण सांगत नाही. मत्सरी माणसाला विचारल्यास तो निःशंकपणे पहिला अर्थ सांगेल.