हळद अपचनावर औषधाइतकीच चालते, ही बातमी वाचलीस ना?

एंडोस्कोपी नॉर्मल आली म्हणून तुझा पोटाचा त्रास खोटा ठरत नाही, हे आधी मनात धर. याला फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात, म्हणजे तपासणीत कारण न सापडणारं अपचन. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या थायलंडमधल्या अभ्यासात कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला मुख्य घटक, यावर ओमेप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या औषधाइतकंच उपयोगी दिसलं. पण म्हणून म्हापशाच्या बाजारातली हळद आणून फक्की मारू नकोस. तिथे रोज 2 ग्रॅम कर्क्युमिन दिलं होतं. हुमणातल्या, म्हणजे आपल्या माशाच्या कढीतल्या, हळदीत ते कितीतरी कमी. शिवाय नुसतं प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली दिखाऊ गोळी, घेणारा गट त्यात नव्हता, आणि मला हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण असे त्रास कधीकधी आपसूकही उतरतात. कर्क्युमिनची कॅप्सूल क्वचित यकृताला बाधते, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच घे. हेलिकोबॅक्टर या जठरातल्या जिवाणूची तपासणी केलीस का? आणि शौच डांबरासारखं काळं झालं, तर थेट बांबोळीचं सरकारी इस्पितळ गाठ.