सवलत लागेपर्यंत बिल थकवू नका (पुणे, 40 टक्के)

तुम्ही लिहिलंय की शेजारच्या तेवढ्याच फ्लॅटला 13 हजार मालमत्ता कर आणि तुम्हाला 22 हजार, कारण स्वतः राहत असूनही 40 टक्के सवलत लागलेली नाही. आणि मेहुणे म्हणतात, सवलत लागेपर्यंत भरूच नका, नाहीतरी थकबाकीदारांचा दंड माफ करणारी अभय योजना येतेच. हे वाचून राहवलं नाही, कारण 2022 मध्ये मी नेमकं हेच केलं होतं.

पीटी-3, म्हणजे ही सवलत मागायचा महापालिकेचा अर्ज, कुठे मिळतो, कुठे द्यायचा हे तुम्ही शोधलंच असेल, त्यात जात नाही. आधी बिल भरा. जास्तीचं आलं असलं तरी भरा.

पुण्यात स्वतः राहणाऱ्याला ही सवलत 1970 पासून आहे. मध्यंतरी ती काढली गेली आणि 2019 नंतर नोंद झालेल्या नव्या घरांना पूर्ण बिलं आली. त्यात माझं घर होतं. बिल बघून डोकं फिरलं आणि मी ते कपाटात टाकलं. 2020 मध्ये थकबाकीदारांची 80 टक्के शास्ती (उशिरा भरल्याचा दंड) अभय योजनेत माफ झाली होती, तेव्हा पुन्हा होईल असं धरून चाललो. शास्ती महिन्याला 2 टक्के. 20 हजारांवर महिन्याला 400, वर्षाला 4,800. एवढं व्याज कुठली बँक देते? 2023 मध्ये राज्य सरकारने सवलत परत आणली. ज्यांनी जास्तीचा कर भरला होता त्यांचा फरक पुढच्या बिलांतून वळता झाला. शेवटी मीही शास्तीसकट भरलं होतं, त्यामुळे माझाही झाला, पण भरलेली शास्ती गेली ती गेलीच. शेजारच्या काकांनी कुरकुर करत का होईना वेळेत भरलं होतं, त्यांचा एक रुपया बुडाला नाही.

दुसरी गोष्ट अर्जाला जोडायच्या सोसायटीच्या पत्राची. आमच्या सोसायटीच्या ऑफिसने आधी तीन आठवडे पत्र दिलंच नाही, कारण माझा पार्किंगच्या पैशांवरून वाद चालू होता. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे मला आजही कळलेलं नाही. शेवटी मिळालं त्यात लिहिलेलं, "सदर सदनिका मालकांच्या ताब्यात आहे." अर्ज घेणाऱ्या बाईंनी "ताब्यात" या शब्दाभोवती पेन्सिलने गोल केला आणि कागद परत सरकवला. रिकामा फ्लॅटही मालकाच्याच ताब्यात असतो, बरोबरच आहे त्यांचं. "मालक स्वतः कुटुंबासह राहतात" असंच लिहून घ्या, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आता माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या. 40 टक्क्यांची सवलत मला रास्त वाटते. राहत्या घरातून उत्पन्न येत नाही, भाड्याच्या घरातून येतं. अभय योजनेचं मात्र मला पटत नाही. तिजोरीत एकदम रक्कम येते हे खरं, जुन्या अडलेल्या खात्यांतून काहीतरी सुटतं हेही खरं. पण जो दरवर्षी मे महिन्यात रांगेत उभा राहतो त्याला त्यातून काय मिळतं? उलट माझ्यासारखे लोक थांबायला शिकतात. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं शहरात आली. आम्ही त्यातल्याच एका गावात राहतो आणि उन्हाळ्यात टँकर मागवतो. जलवाहिनी टाकायला पैसा नाही म्हणतात तेव्हा मला माझं कपाटातलं बिल आठवतं आणि वाईट वाटतं.

मी वकील नाही, कर सल्लागार नाही. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांची माफी हा वेगळाच नियम आहे, तिथल्यांनी माझं ऐकून काही करू नये. पुढे कधी घर भाड्याने दिलंत तर स्वतःहून कळवा, नाहीतर फरक वसूल होतो.

जाता जाता, बिलावर दिलेल्या सवलतीच्या मुदतीत भरलं की सर्वसाधारण करात 5 ते 10 टक्के सूट आहे. इमारतीवर सोलर किंवा पर्जन्यजल संधारण असेल तर त्याचीही सूट बिलात लागली आहे का बघा, आमच्याकडे दोन वर्षं कुणी बघितलंच नव्हतं.

सोसायटीचं दुरुस्त केलेलं पत्र माझ्या फाइलमध्ये आहे. मजकूर हवा असेल तर सांगा, संध्याकाळी टाइप करून टाकतो.