बॅकअपच्या यादीतले ४२०

प्रश्न : घरच्या लिनक्स संगणकाचा बॅकअप मी रेस्टिक या प्रोग्रॅमने घेतो. त्यातील फाइलींची यादी जेसन या माहिती मांडण्याच्या मजकुरी स्वरूपात काढली, तेव्हा ज्या फाइलींच्या परवानग्या नक्की ६४४ आहेत, त्यांच्या ‘मोड’पुढे ४२० आणि ७५५ असलेल्या फोल्डरांपुढे चक्क २१४७४८४१४१ दिसले. परवानग्या बिघडल्या आहेत का? फाइली परत आणल्यावर हेच आकडे परवानग्या बदलणाऱ्या ‘सीएचमॉड’ या आज्ञेला द्यावेत का?

उत्तर : परवानग्या शाबूत आहेत. ६४४ ही अष्टमान, म्हणजे फक्त ० ते ७ हे अंक वापरणाऱ्या पद्धतीतली संख्या आहे. जेसनमध्ये अष्टमान संख्या लिहिण्याची सोय नसल्यामुळे तीच संख्या तिथे दशमान पद्धतीत उतरते. सहा गुणिले ६४ म्हणजे ३८४, आठ चोक बत्तीस आणि वरचे चार, असे मिळून ४२० होतात. दंडसंहितेतल्या जुन्या कलमामुळे हा आकडा आपल्याकडे बदनाम असला, तरी इथे तो अगदी प्रामाणिक आहे.

फोल्डरच्या आकड्यातून २१४७४८३६४८ वजा केल्यास ४९३ उरतात, म्हणजेच अष्टमानातले ७५५. वजा केलेली संख्या म्हणजे दोनचा एकतिसावा घात. रेस्टिक ज्या गो भाषेत लिहिले आहे, ती भाषा फोल्डरची खूण म्हणून हा बिट (द्विमान अंक) राखून ठेवते. युनिक्सची स्वतःची खूण वेगळी असल्यामुळे अन्य काही साधनांत हीच फाइल ३३१८८ (३२७६८ अधिक ४२०) आणि हेच फोल्डर १६८७७ (१६३८४ अधिक ४९३) असे दिसते.

हे आकडे ‘सीएचमॉड’ला मात्र मुळीच देऊ नयेत. ४९३ तो नाकारतो, कारण अष्टमानात ९ हा अंक नाही. पण ४२० तो अष्टमान समजून निमूटपणे स्वीकारतो (तीन अंक अनुक्रमे मालक, गट आणि इतरांचे; ४ म्हणजे वाचणे, २ म्हणजे लिहिणे) आणि मग मालकाला फक्त वाचता येते, गटाला फक्त लिहिता येते आणि इतरांना काहीच करता येत नाही. शिवाय फाइली परत आणताना रेस्टिक परवानग्या स्वतःच पूर्ववत करते.

यादी हाताशी आहेच, तर एसएसएचच्या (दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडून घेण्याच्या सोयीच्या) खासगी किल्लीच्या फाइलीपुढचा आकडा अवश्य पाहावा. तिथे ३८४, म्हणजे ६००, असायला हवेत. ४२० दिसले, तर दोष बॅकअपचा नसून मूळ फाइलच सर्वांना वाचण्यास खुली होती, असे समजावे.