जायफळाच्या इसेन्शियल ऑइलचा नक्की उपयोग काय आणि ते कसं वापरायचं?

मुख्य उपयोग मालिशचा. गुडघे, कंबर आखडली असेल तर 30 मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात 4 थेंबच टाका आणि कोमट करून चोळा, उबदार वाटतं आणि बऱ्याच जणांना आराम पडतो, पण सांधेदुखी मुळापासून जाते वगैरे कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. डिफ्युझरमध्ये (खोलीत सुवास पसरवणारं उपकरण) 2 थेंब टाकले की वास मस्त, श्रीखंडाची आठवण येते अगदी.

पण प्लीज, हे पोटात घेऊ नका! आजी सहाणेवर एकदोन वेढे उगाळून द्यायची ते वेगळं, हे वाफेवर काढलेलं एकदम स्ट्राँग तेल आहे, त्यात मायरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं, जास्त झालं तर उलट्या, धडधड, भास होतात. गरोदर बायका आणि लहान मुलांना तर नकोच.