'थ्रस्ट व्हेक्टरिंग'ला मराठीत काय म्हणावं, आणि 'चपळ' कोणाला?

विचारणा अशी आहे: 'अमेरिकी एफ-२२पेक्षा रशियन सुखोईचा सदिश प्रणोद त्रिमितीय असल्याने ती जास्त चपळ आहे' हे वाक्य बरोबर आहे का? आणि 'थ्रस्ट व्हेक्टरिंग'ला 'सदिश प्रणोद' हाच शब्द वापरावा का?

व्याकरणात काही खोट नाही. पण 'सदिश प्रणोद', 'त्रिमितीय' आणि 'चपळ' हे तिन्ही शब्द इथे चुकीच्या जागी बसले आहेत.

आधी 'सदिश प्रणोद'. प्रणोद हा शब्द हिंदी परिभाषेत रुळलेला आहे. मराठीत त्यासाठी, म्हणजे इंजिनाच्या विमानाला ढकलणाऱ्या जोरासाठी, 'रेटा' आहे आणि तो कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. खरी अडचण 'सदिश'ची आहे. सदिश म्हणजे दिशा असलेली राशी. मग जुन्या मिग-२१चा रेटाही सदिशच की! तो नेहमी इंजिनातून सरळ मागे जाणाऱ्या वायूच्या झोतातून मिळतो, एवढंच. व्हेक्टरिंगचं वेगळेपण रेट्याला दिशा असण्यात नाही, उडता उडता ती दिशा बदलता येण्यात आहे. म्हणून या संज्ञेत क्रियापद हवं: 'रेटा वळवणे'. नामच लागलं तर 'रेटावळण' म्हणा. रशियनांनीही असंच केलं आहे. मिग-२९ओव्हीटी या रशियन विमानाच्या नावातल्या 'ओ'चा अर्थच 'वळवता येणारा' असा आहे.

आता 'त्रिमितीय'. इथे बातम्यांमध्ये सर्वांत जास्त गोंधळ होतो, कारण हा शब्द कधी नोझलच्या, म्हणजे झोत बाहेर पडतो त्या इंजिनाच्या तोंडाच्या, आकाराबद्दल वापरला जातो, तर कधी त्याच्या हालचालीबद्दल. एफ-२२च्या एफ११९ इंजिनाचं नोझल चपटं, चौकोनी असतं. त्याच्या वरच्या आणि खालच्या झडपा झोताला वर किंवा खाली २० अंशांपर्यंत वळवतात, डावी-उजवीकडे नाही. सुखोई-३० एमकेआयच्या एएल-३१एफपी इंजिनाचं नोझल गोल असतं आणि १५ अंशांपर्यंत वळतं. मात्र एकटं नोझल तिथेही एकाच प्रतलात (सपाट पातळीत) हलतं. खुबी आहे ती बसवण्यात. दोन्ही नोझलांची प्रतलं उभी नाहीत. ती ३२ अंशांनी कलती, इंग्रजी 'व्ही'सारखी आहेत. दोन्ही नोझलं एकसारखी वळली की आडवे घटक एकमेकांना खोडतात आणि नाक वर किंवा खाली जातं. एक वर आणि दुसरं खाली वळलं की आडवे घटक एकाच बाजूला पडतात आणि नाक डावी-उजवीकडे फिरतं. उभे घटक त्याच वेळी विमानाला कुशीवर वळवू पाहतात. म्हणजे तिसरी मिती दोन इंजिनांच्या जोडीतून येते, नोझलमधून नाही. सर्व दिशांना वळणारं नोझल मिग-२९ओव्हीटीवर होतं. म्हणून 'द्विमितीय-त्रिमितीय' सोडून 'एकप्रतली', 'कलत्या जोडीचं' आणि 'सर्वदिश' असे तीन शब्द ठेवावेत, असं माझं ठाम मत आहे.

हा वळवलेला रेटा किती असतो? एफ११९चा आफ्टरबर्नरसह, म्हणजे झोतात जादा इंधन जाळून मिळणारा, रेटा सुमारे १६ टन. तो २० अंशांनी वळला तर जवळपास साडेपाच टन वर किंवा खाली मिळतात आणि पुढे ढकलणारा भाग ९४ टक्के उरतो. थोड्या किमतीत बरंच काही हाती लागतं. शिवाय हे बळ विमानाच्या वेगावर फारसं अवलंबून नसतं. पंखांच्या आणि शेपटीच्या पात्यांचं तसं नाही: वेग निम्मा झाला की त्यांचं बळ पावपट होतं. म्हणून रेटावळणाचा खरा उपयोग संथ वेगात आणि उंचावरच्या विरळ हवेत होतो. एफ-२२वर नाक सांभाळण्याचा बराच भार नोझल उचलतात, त्यामुळे आडवी शेपटी कुशीवर वळण्यासाठी मोकळी राहते. यासाठी वैमानिकाकडे वेगळा दांडा नसतो. तो काठी ओढतो आणि कशाला किती हलवायचं ते उड्डाण-संगणक ठरवतो.

आता 'चपळ'. विमानाच्या बाबतीत या एका शब्दाखाली तीन गोष्टी दडतात. नाक किती झटकन वळतं ही एक. विमानाची वाट किती वळते ही दुसरी. आणि वेग न गमावता ते वळण किती वेळ टिकतं ही तिसरी. रेटावळणाने पहिलीत मोठा फरक पडतो, दुसरीत संथ वेगात थोडाफार, तिसरीत जवळजवळ नाहीच. नाक समोरून येणाऱ्या हवेशी मोठा कोन करून उभं राहिलं की पंख स्टॉल होतात (त्यांची उचल ढासळते), हवेचा अडसर प्रचंड वाढतो आणि विमान जुन्याच वाटेवर घसरत राहतं. गेलेला वेग परत मिळवायला नाक खाली घालून उंची खर्चावी लागते. तेवढी सेकंदं प्रतिस्पर्ध्याला पुरतात, आणि तो दोघांच्या जोडीने आला असेल तर नक्कीच पुरतात. म्हणून 'नाक-चपळाई', 'वळणक्षमता' आणि 'टिकाऊ वळण' हे शब्द वेगळे ठेवावेत. सुखोईचा भर पहिलीवर आहे. एफ-२२ला वर-खाली तीही मिळते, पण त्याची रचना वेग आणि उंची राखून लढण्यासाठी आहे, आणि चपटं नोझल रडारपासून लपायलाही मदत करतं. विचारणेतलं वाक्य मी असं लिहीन: 'सुखोई-३० एमकेआय रेटा वळवून नाक वर-खाली तसंच डावी-उजवीकडे फिरवू शकते; एफ-२२ फक्त वर-खाली.' इथवर ते खरं आहे. पुढे 'म्हणून वरचढ' जोडलं की ते खोटं ठरू लागतं.

आणखी एक चूक नेहमी दिसते: कोब्रा कसरतीला, म्हणजे नाक झटकन उभं करून परत खाली आणण्याला, रेटावळणाचं उदाहरण म्हणणं. १९८९मध्ये पॅरिसजवळच्या ल बूर्जे इथे रशियन चाचणी-वैमानिक व्हिक्टर पुगाचेव्ह यांनी सुखोई-२७वर कोब्रा करून दाखवला, तेव्हा त्या विमानाची नोझलं स्थिर होती. 'कुल्बित' ही जागच्या जागी घेतल्यासारखी कोलांटी मात्र सुखोई-३७ने वळत्या नोझलांवर दाखवली. याच ल बूर्जेला १९९९मध्ये सुखोई-३०एमकेचा नमुना सुरातून वर येताना शेपटीने जमिनीला घासला आणि पेटला; दोन्ही वैमानिक सुखरूप बाहेर पडले. नाक वर आलं होतं, पण वाट अजून खालीच जात होती. वरचा भेद जमिनीजवळ असा जिवावर बेततो.

नाशिकजवळ ओझरला सुखोई-३० एमकेआय जोडली जात असल्याने आणि पुण्याच्या लोहगाव तळावर ती २००२पासून असल्याने मराठी बातम्यांत हा विषय वारंवार येतो. गोव्याहून २०१६पर्यंत उडणारी नौदलाची सी हॅरिअर विमानंही रेटा वळवत. पण ते मुख्यतः उभं उतरण्यासाठी, चार नोझलं खाली करून, आणि त्यासाठी वैमानिकाच्या हाताशी वेगळा दांडा असे. अमेरिकेच्या एफ-३५बीचं मागचं नोझलही याच कामाचं आहे. या दोघांना 'रेटावळणामुळे चपळ' म्हणू नये.

'वळतं नोझल' हा शब्दही सगळीकडे चालत नाही. रशियन आर-७३ आणि अमेरिकी एआयएम-९एक्स या क्षेपणास्त्रांत नोझल स्थिर असतं. झोतातली छोटी पाती झोत वळवतात. एक्स-३१ या प्रायोगिक विमानावर नोझलबाहेर तीन फळ्या होत्या, त्या झोतात शिरत. या सगळ्यांना कवेत घेणारा शब्द 'रेटा वळवणे' हाच. 'वळतं नोझल' फक्त नोझल खरोखर वळत असेल तिथेच लिहावं.