वाचकांचे प्रश्न : ‘द टेरर’मधले खरे किती?

प्रश्न : ‘द टेरर’ मालिकेचे पहिले पर्व नुकतेच पाहून संपवले. शिशाची विषबाधा, नरमांसभक्षण, कपटी हिकी आणि तो पांढरा राक्षस, यांतले प्रत्यक्षात किती घडले? – एक वाचक, नाशिक

उत्तर : राक्षस वगळता बरेचसे घडले, आणि मला विचाराल तर राक्षस हाच त्यातला सर्वांत कमी भीतिदायक भाग आहे. २०१८ची ही मालिका डॅन सिमन्स यांच्या कादंबरीवर बेतलेली असून ‘तूनबाक’ हे श्वापद त्या कादंबरीतले आहे. इतिहास असा की, सर जॉन फ्रँकलिन यांच्या नेतृत्वाखाली ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही ब्रिटिश नौदलाची जहाजे मे १८४५मध्ये वायव्य सागरी मार्ग, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फाळ समुद्रातून अटलांटिकहून पॅसिफिकला जाणारी वाट, शोधायला निघाली आणि ग्रीनलंडहून पुढे गेलेल्या १२९ जणांपैकी एकही परतला नाही.

अंगावर काटा आणतो तो मागे राहिलेला एक कागद. कॅनडाच्या उत्तरेकडील किंग विल्यम बेटावर १८५९मध्ये सापडलेल्या या छापील नमुन्यावर २८ मे १८४७ रोजी ‘सर्व क्षेम’ अशा अर्थाचा मजकूर लिहिलेला आहे, जसा आपल्या जुन्या पत्रांत सवयीने लिहिला जाई. त्यानंतर चौदाच दिवसांनी फ्रँकलिन वारले. मग त्याच कागदाच्या समासात, २५ एप्रिल १८४८ रोजी, कडेकडेने लिहिले गेले की दीड वर्षाहून अधिक काळ बर्फात रुतलेली जहाजे सोडून दिली आहेत, २४ जण मरण पावले आहेत आणि उरलेले १०५ जण ‘टेरर’चे कप्तान क्रोझियर यांच्यासोबत दक्षिणेकडील बॅक नदीकडे निघत आहेत. दुसरा कागद घेण्याचेही त्राण किंवा सवड उरली नसावी, असे तो समास पाहून वाटते.

नरमांसभक्षणाबद्दल आता शंका नाही. त्या भागातले मूळ रहिवासी असलेल्या इन्युइट लोकांनी पाहिलेले संशोधक-प्रवासी जॉन रे यांनी १८५४मध्ये लंडनला कळवले, तेव्हा चार्ल्स डिकन्ससारख्या लेखकानेही ते धुडकावून उलट इन्युइटांवरच संशय घेतला. पुढे हाडांवर सुरीच्या खुणा सापडल्या, आणि २०२४मध्ये डीएनएवरून ओळख पटलेल्या, तशा खुणा असलेल्या एका जबड्याचा मालक खुद्द ‘एरेबस’चे कप्तान फिट्झजेम्स निघाले. जहाजांच्या बाबतीतही इन्युइटांच्या आठवणी उपयोगी पडल्या : ‘एरेबस’ २०१४मध्ये आणि ‘टेरर’ २०१६मध्ये समुद्रतळाशी सापडले.

शिशाचे प्रकरण मात्र मालिका दाखवते तितके सरळ नाही. मोहिमेच्या सुरुवातीलाच वारलेल्या खलाशांच्या बीची बेटावरील तीन कबरी १९८४ व १९८६मध्ये उघडल्या, तेव्हा बर्फात टिकलेल्या देहांत शिशाचे प्रमाण बरेच आढळले आणि अन्नाच्या डब्यांना लावलेल्या शिसेयुक्त डाखाकडे बोट दाखवले गेले. परंतु त्या काळी शिसे इतरही अनेक वाटांनी शरीरात जात असे, त्यामुळे तेच मुख्य कारण मानायला पुष्कळ संशोधक आता तयार नाहीत.

राहता राहिला हिकी. कॉर्नेलियस हिकी नावाचा माणूस ‘टेरर’वर खरोखरच होता आणि जहाजाच्या फटी बुजवणाऱ्या कारागिराचा मदतनीस म्हणून त्याची नोंद आहे, बंडखोरी किंवा खुनाचा कोणताही पुरावा त्याच्याविरुद्ध नाही. मालिकाकारांनाही हे खटकले असावे, कारण त्यांचा खलनायक खऱ्या हिकीला मारून त्याच्या नावाने जहाजावर चढलेला तोतया निघतो, हे आपण पाहिलेच असेल.