वाचकांचे प्रश्न : खाणीतले धातू आणि शिवारातली माती

प्रश्न : मी जळगावला पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते. धातूंच्या खाणींमुळे दूषित झालेली जमीन मोहरी, सूर्यफूल, वाळा अशा वनस्पती लावून स्वच्छ करता येते, असे बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. लघुप्रबंधासाठी हाच विषय घ्यावा असे मनात आहे. हा उपाय खरोखर कितपत चालतो? चालत नसेल, तर खाणींचा परिसर स्वच्छ कसा करतात?
— एक विद्यार्थिनी, चोपडा

उत्तर : विषय अवश्य घ्या, पण त्याआधी एक हिशेब मांडून पाहा. एक हेक्टर जमिनीतल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन ढोबळमानाने २० लाख किलो भरते. तिच्यात किलोमागे ५०० मिलिग्रॅम शिसे जास्तीचे आहे असे धरले, तर त्या एका हेक्टरात १००० किलो शिसे झाले. आता तिथे मोहरी घेतली, वर्षाला १० टन वाळलेला पालापाचोळा निघाला आणि त्यात किलोमागे १०० मिलिग्रॅम शिसे उतरले असे समजू. प्रत्यक्षात एवढेही सहसा उतरत नाही. तरीही वर्षाकाठी शेताबाहेर गेले ते फक्त १ किलो, म्हणजे काम पुरे व्हायला हजार वर्षे लागतील. शिवाय तो पाला गुरांना घालता येत नाही, चुलीत जाळता येत नाही आणि उकिरड्यावर टाकला तर शिसे पुन्हा मातीतच येते. टेरिस व्हिटाटा हे नेचे आर्सेनिक भरपूर शोषून घेते, हे २००१ साली सिद्ध झाले. अशा मोजक्या वनस्पतींच्या बाबतीत हिशेब बराच बरा लागतो, पण शिशाच्या बाबतीत तो लागत नाही.

वाळ्याचे काम निराळे आहे. खनिज दळून धातू काढून घेतल्यावर जो बारीक गाळ उरतो, त्याला खाणीवरचे लोक टेलिंग्ज म्हणतात. हा गाळ वाऱ्याने उडतो आणि पावसाने ओढ्यात उतरतो. वाळ्याची मुळे खोल आणि दाट जातात, गाळ धरून ठेवतात आणि धातूचा मोठा भाग मुळांतच राहतो, पाल्यात फारसा चढत नाही. वाळ्याने धातू नाहीसा होत नाही, तो जागचा हलत नाही. माझ्या मते खाणीच्या प्रदेशात वनस्पतींचा खरा उपयोग हाच आहे आणि तुमचा प्रबंध या बाजूने गेला तर तो अधिक प्रामाणिक होईल.

पाण्याचा प्रश्न मात्र झाडे लावून सुटत नाही. शिसे, जस्त, तांबे यांची खनिजे बहुधा गंधकाची संयुगे असतात आणि त्यांच्या सोबतीला पायराइट हे लोह-गंधकाचे खनिज असते. जमिनीच्या पोटात ते स्वस्थ असते. खडक फुटून त्याला हवा आणि पाणी लागले की गंधकाम्ल तयार होऊ लागते आणि ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्ससारखे जिवाणू ही क्रिया कित्येक पटींनी वाढवतात. त्या आम्लात उरलेले धातू विरघळून पाण्यासोबत निघतात. कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन खाणीत मोजलेल्या पाण्याचा सामू (पीएच; हा आकडा जितका कमी, तितके पाणी अधिक आम्ल) उणे ३.६ निघाला होता. खाण बंद केल्याने हे थांबत नाही, कारण उघडा पडलेला खडक तिथेच असतो. म्हणून लोणच्याच्या बरणीत फोडींवर तेलाचा थर ठेवतात, तसा टेलिंग्जवर पाण्याचा किंवा दाबून बसवलेल्या चिकणमातीचा थर ठेवून हवा रोखावी लागते.

आम्ल पाणी वाहू लागलेच, तर त्यात चुना घालून सामू वाढवतात. मग बरेच धातू गाळ होऊन खाली बसतात आणि त्या गाळासाठी सुरक्षित जागा शोधावी लागते. चुनखडीच्या दगडांचे चर खणून त्यातून पाणी नेणे स्वस्त पडते, पण पाण्यात लोह असले आणि त्याला हवा लागली, की दगडांवर गंजाचे कवच चढते आणि चुनखडी काम करेनाशी होते. म्हणून असे चर हवाबंद ठेवतात, किंवा शेणखतासारखे सेंद्रिय द्रव्य भरलेल्या कृत्रिम दलदलीतून पाणी जाऊ देतात. तिथले जिवाणू सल्फेटचे सल्फाइड करतात आणि धातू त्याच्याशी बांधले जाऊन अविद्राव्य होतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. ‘जड धातू’ असा एकच गट धरून उपाय ठरवता येत नाही. सामू वाढवला की शिसे आणि कॅडमियम मातीत बांधले जातात, पण आर्सेनिक आणि षट्‌संयुजी क्रोमियम (या धातूचे जास्त घातक रूप) उलट अधिक मोकळे होतात. स्फुरद घातल्याने शिसे घट्ट धरले जाते, पण तेच स्फुरद मातीच्या कणांवरचे आर्सेनिक सुटे करते. भातशेतीत पाणी तुंबवून ठेवले तर दाण्यात कॅडमियम कमी जाते आणि आर्सेनिक जास्त जाते. देशातले बहुतेक क्रोमाइट, म्हणजे क्रोमियमचे खनिज, ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यात सापडते. तिथल्या पाण्यातले षट्‌संयुजी क्रोमियम फेरस सल्फेट घालून त्रिसंयुजी, म्हणजे बरेच कमी घातक, करावे लागते. तिथे नुसता चुना टाकून भागत नाही. म्हणूनच धातू कोणता, कोणत्या रूपात आणि माणसापर्यंत कोणत्या वाटेने पोचतो, हे ठरल्याशिवाय फावडे उचलू नये.

वाट ओळखण्याचे महत्त्व नायजेरियातल्या झाम्फारा प्रांतात २०१० साली कळले. तिथले लोक शिसे मिसळलेले सोन्याचे खनिज पिठाच्या चक्क्यांवर दळत असत आणि घराच्या अंगणात धूत असत. त्या धुळीने काही महिन्यांत सुमारे ४०० मुले दगावली. रक्तातले शिसे उतरवणारे औषध उपलब्ध होते, पण मूल बरे होऊन त्याच अंगणात परतले असते, तर औषधाचा उपयोग काय? म्हणून आधी अंगणांतली वरची माती खरवडून खड्ड्यात पुरली, वर स्वच्छ माती टाकली आणि मग मुलांवर उपचार सुरू केले.

जपानमध्ये जिन्झू नदीच्या काठी कामिओका खाणीचे कॅडमियम भातखाचरांत उतरले आणि हाडे ठिसूळ करणारा इताई-इताई हा विकार पसरला. १९६८ साली सरकारने त्याचे कारण मान्य केले. दूषित माती गाडून तिच्यावर स्वच्छ माती चढवण्याचे काम १९७९ पासून २०१२ पर्यंत चालले आणि सुमारे ८६३ हेक्टर जमीन पुन्हा लागवडीखाली आली. मला त्याहून मोलाचा वाटतो तो १९७२ चा करार. त्यानुसार रहिवासी आपल्या पसंतीचे शास्त्रज्ञ सोबत घेऊन दरवर्षी खाणीची पाहणी करतात आणि खर्च कंपनी देते. नदी स्वच्छ राहिली, त्यात या पाहणीचा वाटा मोठा आहे.

खान्देशात धातूची खाण नाही, त्यामुळे तुम्हाला खाणीवरचे नमुने बाहेरून आणावे लागतील. पण आपली काळी, चुनखडीयुक्त, विम्लधर्मी माती शिसे आणि कॅडमियम किती घट्ट धरते आणि खाणीच्या गाळावर आच्छादन म्हणून कितपत टिकेल, हे जळगावच्या प्रयोगशाळेत बसून तपासता येईल. मार्गदर्शकांपुढे हा विषय ठेवून पाहा.

प्रश्न : आमची केळीची बाग आहे. दोन वर्षांपूर्वी धरणातला गाळ शेतात टाकला. यंदा खासगी प्रयोगशाळेतून माती तपासली, तर तांबे, निकेल आणि क्रोमियम ‘जागतिक सरासरीपेक्षा जास्त’ असा अहवाल आला. आमच्याकडे खाण नाही, मग हे गाळातून आले का? केळी विकावी की नाही, या चिंतेत आहे.
— एक शेतकरी, रावेर तालुका

उत्तर : काका, केळी थांबवू नका. आपली काळी माती सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली आहे आणि या खडकातच हे तिन्ही धातू जास्त असतात. ग्रॅनाइटमध्ये किलोमागे १० ते २० मिलिग्रॅम तांबे असते, तर बेसाल्टमध्ये ते १०० च्या आसपास असते. त्यामुळे जगाच्या सरासरीशी तुलना केली, तर खान्देशातली निर्मळ मातीही दोषी ठरते. शिवाय तुमच्या अहवालात एकूण धातू मोजला आहे, पिकाला मिळू शकणारा नाही. त्यासाठी डीटीपीए पद्धतीची चाचणी सांगा. त्याच पद्धतीने तपासल्यावर आपल्या कितीतरी शेतांत जस्त किलोमागे ०.६ मिलिग्रॅमच्या खाली, म्हणजे अपुरे निघते, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

गाळाचा संशय फेडायचा असेल, तर त्याच शेतातल्या गाळ न टाकलेल्या पट्ट्याचा नमुना वेगळा घ्या आणि दोन्ही एकाच दिवशी एकाच प्रयोगशाळेत द्या. बांध, उकिरडा, रस्ता आणि खताच्या ओळी टाळून नागमोडी चालत आठ-दहा जागी वरचा पाचोळा बाजूला सारा. इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती लाकडी पट्टीने खरवडा आणि प्लास्टिकच्या घमेल्यात गोळा करा. जस्ताचा मुलामा दिलेले घमेले वापरले, तर तपासणीत त्याचेच जस्त दिसेल. सगळी माती मिसळून गोल ढीग करा, त्याचे चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाकून द्या आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करा. पिशवीवर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बांधा.

गाळाच्या पट्ट्यात शिसे किंवा कॅडमियम दुपटी-तिपटीने जास्त निघाले, तरच पुढचा विचार करावा लागेल. तसे झाल्यास आधी पालेभाज्या तिथून हलवा, कारण त्या कॅडमियम सहज उचलतात. आणखी एक सांगतो : झिंक सल्फेट सुटे, बिनपावतीचे घेऊ नका. खत नियंत्रण आदेशाने त्यातल्या शिशावर आणि कॅडमियमवर मर्यादा घातली आहे, पण ती पाळली गेली की नाही हे बनावट पोत्यावरून कळणार नाही.

प्रश्न : बोअरच्या पाण्यात शिसे किंवा आर्सेनिक असेल, तर उकळल्याने किंवा तुरटी फिरवल्याने जाते का?
— एक गृहिणी, अमळनेर

उत्तर : उकळल्याने जात नाही, पाणी आटते आणि धातू तेवढाच राहतो, म्हणून प्रमाण उलट थोडे वाढते. तुरटीवरही विसंबू नका. पडदा वेळच्या वेळी बदलला जात असेल, तर आरओ यंत्राने हे धातू बऱ्याच अंशी निघतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे शिसे ०.०१, आर्सेनिक ०.०१ आणि कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे.

यंत्र घेण्याआधी पाणी तपासून घ्या. क्षार, नायट्रेट, फ्लोराइड यांच्या नेहमीच्या तपासणीत हे धातू येतीलच असे नाही. ते वेगळे सांगावे लागतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत चौकशी करा आणि बाटली त्यांच्याकडूनच घ्या, कारण धातू बाटलीच्या भिंतीला चिकटू नये म्हणून पाण्यात नायट्रिक आम्लाचे थेंब घालावे लागतात. नमुने दोन भरा. एक सकाळी नळ उघडताच येणाऱ्या पाण्याचा, दुसरा मोटर थोडा वेळ चालू ठेवल्यानंतर थेट बोअरवरचा. पहिल्यातच शिसे निघाले, तर दोष भूजलात नसून घरातल्या नळात किंवा पितळी जोडात आहे. मग नळ बदलून पाणी पुन्हा तपासा.